डिस्क्रिप्शन लॉजिकच्या वर्कशॉपला पेपर पाठवताना

डिस्क्रिप्शन लॉजिकच्या आंतरराष्ट्रीय वर्कशॉपला पेपर पाठवायचं ठरलं, की पहिलं पान लिहायच्या आधी तीन गोष्टी पक्क्या करून घ्याव्या लागतात: लॉजिक (ज्ञान मांडायची नेमकी भाषा) कोणतं, टीबॉक्स (त्यातल्या सर्वसाधारण विधानांचा संच) कसला आणि प्रश्न नेमका कोणता. यांतली एक जरी मोघम राहिली तरी पुढे कितीही मेहनत घेऊन दावा उभा राहत नाही. परीक्षक सगळ्यात आधी याच तिघांवर बोट ठेवतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

विषय ठाऊक असणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. डिस्क्रिप्शन लॉजिकमध्ये जगाचं वर्णन संकल्पना आणि रोल यांच्या आधारे करतात. संकल्पना म्हणजे वस्तूंचा संच: रुग्ण, जखम, बोट. रोल म्हणजे दोन वस्तूंमधलं नातं: अमुक हा तमुकचा भाग आहे, अमुक जखम तमुक जागी आहे. 'प्रत्येक बोट कुठल्यातरी पंजाचा भाग असतं' अशी सर्वसाधारण विधानं टीबॉक्समध्ये जातात, आणि ठरावीक व्यक्तींची माहिती एबॉक्समध्ये. रीझनर हा प्रोग्राम या विधानांमधून जे अपरिहार्यपणे निघतं ते काढून दाखवतो. एक संकल्पना दुसरीच्या पोटात येते का, हा त्यातला मूळ प्रश्न. त्याला सबसम्प्शन म्हणतात.

आता लॉजिकचं नाव इतकं महत्त्वाचं का, ते पाहू. ईएल या लॉजिकमध्ये फक्त 'आणि' व 'असा एकतरी आहे' एवढीच बांधणी आहे. त्यात सर्वसाधारण टीबॉक्स, म्हणजे विधानांच्या रूपावर बंधन नसलेला, असतानाही सबसम्प्शन पॉलिनॉमियल वेळात, म्हणजे टीबॉक्स वाढला तरी आवाक्यात राहणाऱ्या वेळात सुटतं. याच ईएलमध्ये रोल उलटा वाचायची मुभा दिली, म्हणजे 'अमुक तमुकचा भाग आहे' सोबत 'तमुकमध्ये अमुक हा भाग आहे' हेही वापरू दिलं, की प्रश्न थेट एक्स्पोनेन्शियल वेळेच्या वर्गात जातो, म्हणजे आकार थोडा वाढला तरी लागणारा वेळ पटींनी वाढू शकतो. 'किंवा' घातलं तरी तेच. 'असा एकतरी' काढून त्याजागी फक्त 'सगळे असेच' ठेवलं तर एफएल-शून्य हे लॉजिक मिळतं. त्यात टीबॉक्स नसेल तर सबसम्प्शन सोपं, चक्र नसलेला टीबॉक्स (कुठलीच व्याख्या फिरून स्वतःवर येत नाही असा) असेल तर को-एनपी हा अवघड मानला जाणारा वर्ग, आणि सर्वसाधारण टीबॉक्स असेल तर पुन्हा एक्स्पोनेन्शियल. 'आणि', 'किंवा', 'नाही', 'असा एकतरी' आणि 'सगळे असेच' हे सगळं असलेल्या एएलसीमध्ये टीबॉक्सशिवाय पीस्पेस (पॉलिनॉमियल मेमरीत सुटणारे प्रश्न), सर्वसाधारण टीबॉक्ससह एक्स्पोनेन्शियल वेळ. आणि आऊल २ ही वेबवर ज्ञान मांडायची प्रमाणभाषा ज्यावर उभी आहे त्या एसआरओआयक्यूमध्ये नॉनडिटरमिनिस्टिक दुहेरी एक्स्पोनेन्शियल, म्हणजे त्याहूनही बराच वरचा वर्ग. भाषा थोडी वाढवली की तर्काची किंमत किती वाढते, हा प्रश्न ब्राखमन आणि लेवेस्क यांनी १९८४ मध्ये नेमकेपणाने मांडला. तेव्हापासून हे क्षेत्र त्याचाच हिशेब ठेवत आलं आहे. त्यामुळे 'आमच्या लॉजिकमध्ये सबसम्प्शन पॉलिनॉमियल आहे' हे वाक्य टीबॉक्सचा प्रकार न सांगता लिहिलं तर ते अर्धंच राहतं.

प्रश्नाचंही तसंच. सबसम्प्शन, सुसंगती तपासणं, एबॉक्सवर क्वेरीची उत्तरं काढणं हे वेगवेगळे प्रश्न आहेत. क्वेरी असेल तर गुंतागुंत फक्त डेटाच्या आकारात मोजली की टीबॉक्स, क्वेरी आणि डेटा सगळं धरून, हे सांगावंच लागतं. डेटाच्या आकारात मोजलं तर कन्जंक्टिव्ह क्वेरींसाठी ('आणि' ने जोडलेल्या अटींच्या क्वेरी) डीएल-लाइट या हलक्या लॉजिकमध्ये एसी-शून्य हा फार सोपा वर्ग, ईएलमध्ये पी-कम्प्लीट, म्हणजे पॉलिनॉमियलमधले सगळ्यात कठीण, आणि एएलसीमध्ये को-एनपी-कम्प्लीट. डीएल-लाइटमध्ये टीबॉक्सचं सगळं ज्ञान क्वेरीत मुरवून साधी एसक्यूएल क्वेरी तयार करता येते, आणि आऊल २ क्यूएल ही प्रोफाइल, म्हणजे आऊल २ चा मर्यादित उपप्रकार, त्यातूनच आली. ईएलच्या कुटुंबातून आऊल २ ईएल आली. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने २००९ मध्ये आऊल २ ची शिफारस जाहीर केली तेव्हा या प्रोफाइल त्यात होत्या.

वर्कशॉप दरवर्षी भरतं: २०१९ मध्ये ओस्लो, २०२३ मध्ये ग्रीसमधलं ऱ्होड्स, २०२४ मध्ये नॉर्वेतलं बर्गन, २०२५ मध्ये पोलंडमधलं ओपोले. नवे निकाल पूर्ण पेपर म्हणून पाठवता येतात, आणि आधी दुसरीकडे छापलेल्या कामाचा छोटा सारांशही पाठवता येतो. पेपर सीईयूआर-डब्ल्यूएस या वर्कशॉपांचे पेपर छापणाऱ्या साइटवर सर्वांना मोफत वाचता येतात. इथे मांडलेला निकाल पुढे वाढवून केआर, आयजेसीएआय किंवा एएएआयसारख्या मोठ्या परिषदेकडे नेण्याची पद्धत रुळलेली आहे. त्यामुळे इथे येताना काम अरुंद असलं तरी चालतं, सैल असलेलं चालत नाही. एका लॉजिकमधल्या एका प्रश्नाचं संपूर्ण सिद्ध झालेलं उत्तर हे चार लॉजिकबद्दलच्या अंदाजांपेक्षा कितीतरी जास्त वजनाचं ठरतं.

आता कामाकडे. पेपरमध्ये जिवंत उदाहरण नसेल तर वाचक व्याख्यांतच अडकतो. ईएलसाठी सगळ्यात चांगलं उदाहरण वैद्यकीय परिभाषेतलं, म्हणजे स्नोमेड सीटीमधलं. त्यात साडेतीन लाखांहून जास्त संकल्पना आहेत आणि त्यांच्या व्याख्या ईएलच्या जवळपासच्या लॉजिकमध्ये आहेत. भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य देश आहे. त्याचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे, आणि परवान्यासाठी नोंदणी करायची असते. भारतात वापरायला पैसे पडत नाहीत. मराठी मुलुखातल्या संशोधकाला एवढा मोठा आणि खराखुरा टीबॉक्स हाताशी असणं ही फार मोलाची सोय आहे, तरी तिचा उपयोग फारच थोडे जण करतात.

या स्नोमेडमध्ये एक चूक बराच काळ होती: रीझनर सांगायचा की बोटाचं अँप्युटेशन हे पंजाचं अँप्युटेशन आहे. कारण मांडणीत होतं. प्रत्येक अवयवासाठी तीन संकल्पना ठेवल्या जात. पंजाचं उदाहरण घेतलं तर 'संपूर्ण पंजा', 'पंजाचा भाग' आणि या दोन्हींना पोटात घेणारी 'पंजाची रचना'. बोटाची रचना ही पंजाच्या भागात, म्हणून पंजाच्या रचनेत. जखमेसाठी हे सोयीचं होतं, कारण बोटाला जखम झाली तर ती पंजाचीच जखम. पण पंजाच्या अँप्युटेशनची व्याख्याही 'संपूर्ण पंजा' ऐवजी 'पंजाची रचना' वापरून केली होती. मग बोट कापलं की कागदावर पंजाही कापला गेला. बाडर आणि सुन्तिश्रीवरापोर्न यांनी २००८ मध्ये हे खणून काढलं. साडेतीन लाखांवर अ‍ॅक्सिअममधून (म्हणजे टीबॉक्समधल्या विधानांमधून) या चुकीला जबाबदार असलेले होते फक्त सहा. हाताने शोधायला बसलं तर ते सापडणं अवघडच.

तीन संकल्पनांच्या या जंजाळाऐवजी आता रोलच्या साखळीचा नियम वापरता येतो. पेपरमध्ये आम्ही सबसम्प्शन ठरवणारा अल्गोरिदम दाखवताना हेच उदाहरण पायरीपायरीने चालवतो, कारण त्यात सगळे नियम एकेकदा लागतात. चार विधानं घ्या. एक: बोटाची जखम ही जखम आहे आणि तिचं स्थान एखादं बोट आहे. दोन: प्रत्येक बोट एखाद्या पंजाचा भाग आहे. तीन, हाच साखळीचा नियम: एखाद्या गोष्टीचं स्थान ज्या अवयवात आहे तो अवयव ज्याचा भाग आहे तेही तिचं स्थान आहे. चार: जी जखम आहे आणि जिचं स्थान एखादा पंजा आहे ती पंजाची जखम.

पहिली पायरी विधानं प्रमाणरूपात, म्हणजे ठरावीक साध्या साच्यांत आणण्याची. चौथं विधान तसं नाही, त्यात 'आणि' च्या आत 'असा एकतरी' आहे. म्हणून 'पंजास्थित' असं नवं नाव घ्यायचं आणि विधान दोन भागांत फोडायचं: ज्याचं स्थान एखादा पंजा आहे ते पंजास्थित; जखम आणि पंजास्थित असेल तर पंजाची जखम. पहिलं विधानही तसंच दोनात फुटतं. नवी नावं घेऊन फोडलं तर टीबॉक्सचा आकार फक्त रेषीय वाढतो. नावं न घेता व्याख्या जागच्या जागी उलगडत गेलं तर मात्र आकार घातांकी वेगाने फुगू शकतो: प्रत्येक संकल्पना आधीच्या संकल्पनेचा दोन वेगळ्या रोलमधून दोनदा उल्लेख करते असा टीबॉक्स घ्या, दर पायरीला उलगडलेला मजकूर दुप्पट होतो. नवख्यांच्या सिद्धतेत 'पॉलिनॉमियल' हा दावा इथेच गळतो.

मग नियम लावत जायचं. बोटाच्या जखमेपासून बोटाकडे 'स्थान' ही कड, म्हणजे दोन नावांमधला बाण, नोंदवली. बोटापासून पंजाकडे 'भाग' ही कड. साखळीच्या नियमाने बोटाच्या जखमेपासून पंजाकडे 'स्थान' ही नवी कड आली. आता ती पंजास्थित झाली. ती जखम आहेच, म्हणून शेवटच्या नियमाने पंजाची जखम झाली. अँप्युटेशनसाठी वेगळा रोल घ्यायचा, 'काढलेला अवयव', आणि त्याला साखळीचा नियम लावायचा नाही. मग बोट काढल्याने पंजा काढला असं निघत नाही. हे दोन्ही परिणाम एकाच आकृतीत शेजारी दाखवले की नियमांची गरज वेगळी समजवावी लागत नाही.

सिद्धतेचे तीन भाग असतात आणि तिन्ही लिहावे लागतात. अल्गोरिदम थांबतो हे मोजून दाखवायचं: संकल्पनांची नावं जितकी, त्यांच्या वर्गाइतक्याच 'ही तिच्या पोटात' अशा नोंदी होऊ शकतात, आणि कडा त्याला रोलच्या संख्येने गुणून. प्रत्येक पायरी निदान एक नवी नोंद घालते आणि जुनी कधी पुसत नाही, म्हणून पायऱ्या पॉलिनॉमियल. निघालेली प्रत्येक नोंद खरी असते, हे नियमागणिक तपासायचं. हा भाग सोपा आहे. कस लागतो तो तिसऱ्या भागात: जे खरं आहे ते सगळं निघतंच. त्यासाठी नोंदींमधूनच एक मॉडेल, म्हणजे सगळी विधानं पाळणारं एक नमुन्याचं जग, उभं करायचं. प्रत्येक नावासाठी एक घटक, त्याच्यावर त्याच्या नोंदींतली नावं, घटकांमध्ये नोंदवलेल्या कडा. मग टीबॉक्समधलं प्रत्येक विधान या मॉडेलमध्ये पाळलं जातं हे दाखवायचं. विधानाचा एखादा प्रकार आला की नोंदी पुरत नाहीत असं दिसलं, तर समजायचं एक नियम राहिला आहे. आम्ही म्हणूनच हा भाग सगळ्यात आधी लिहितो. नियम त्यातूनच सापडतात, आणि मागाहून जोडकाम करावं लागत नाही.

लॉजिकमध्ये विरोध असेल, म्हणजे 'हे दोन कधीच एकत्र नाहीत' असं सांगता येत असेल, तर ज्या नावांवर विरोध निघाला त्यांचे घटक मॉडेलमधून वगळायचे हे विसरू नये. एकेका व्यक्तीलाच संकल्पना मानणारे नॉमिनल आले तर जास्त जपावं लागतं. दोन घटक एकच असल्याचं नंतर कळतं, आणि ते एकत्र करणं रास्त आहे की नाही हे कुठल्या घटकापासून तिथवर पोचता येतं यावर अवलंबून असतं. ही अट नियमात नेमकी लिहिली नाही तर एकतर खोट्या नोंदी निघतात नाहीतर खऱ्या राहून जातात.

एएलसी किंवा त्याहून श्रीमंत लॉजिक असेल तर बहुधा टॅब्लोची पद्धत येते: एका संभाव्य उदाहरणापासून सुरुवात करून झाड वाढवत जायचं, विरोध आला तर दुसरी फांदी. एएलसीसाठी श्मिट-शाउस आणि स्मोल्का यांनी १९९१ मध्ये ही मांडली. सर्वसाधारण टीबॉक्स आला की झाड थांबत नाही. 'प्रत्येक अ ला एक मूल आहे आणि तेही अ आहे' एवढं एक विधान पुरेसं आहे. म्हणून ब्लॉकिंग लावतात: खालच्या घटकावरची माहिती वरच्या एखाद्या पूर्वजावर आधीच असेल तर खाली वाढ थांबवायची, आणि मॉडेल करताना खालच्याकडे येणारी कड त्या पूर्वजाकडे वळवायची.

एएलसीमध्ये खालची माहिती वरच्याचा उपसंच असली तरी पुरतं. उलटे रोल आले की हे कोसळतं, आणि का ते नीट पाहण्यासारखं आहे. वरच्या घटकावर 'माझ्या सगळ्या पालकांवर ड असलं पाहिजे' अशी एक जादा अट आहे, खालच्यावर ती नाही. उपसंचाच्या नियमाने खालचा ब्लॉक झाला. कड वळवली, आणि आता खालच्याचा पालक वरच्याचाही पालक झाला. त्याच्यावर ड नाही. मॉडेल तुटलं. दोघांवरची माहिती तंतोतंत सारखी हवी असं ठरवलं तर ती अट खालच्यावरही असते, आणि त्याच्या पालकाला ड आधीच मिळालेला असतो. शिवाय उलट्या रोलमुळे माहिती खालून वर चढते, म्हणून आज ब्लॉक झालेला घटक उद्या सुटू शकतो. ब्लॉकिंग एकदा ठरवून ठेवता येत नाही, सतत तपासावं लागतं.

त्यात संख्येच्या अटी आल्या, म्हणजे एसएचआयक्यू झालं, की सारखेपणाही पुरत नाही. पालक आणि मूल यांची जोडी, मधल्या कडेसकट, वरच्या अशाच जोडीशी जुळावी लागते. याचं मूळ कारण असं की या लॉजिकमध्ये काही संकल्पनांची फक्त अनंत मॉडेल असतात. फ हा रोल एकाकडून जास्तीत जास्त एकाकडेच जातो असं माना. सुरुवातीच्या घटकावर क नाही. त्याच्याकडे फ ने येणारा एक घटक आहे ज्यावर क आहे, त्याच्याकडे फ ने येणारा आणखी एक, त्यावरही क, आणि असंच पुढे. साखळी कुठेतरी मागे वळवून बंद करावी तर वळवलेल्या जागेवरच्या घटकाकडून दोन वेगळ्यांकडे फ जातो, किंवा सुरुवातीच्याच घटकावर क यावं लागतं. दोन्ही चालत नाही. म्हणून कड वळवून सान्त मॉडेल करण्याऐवजी झाड अनंत उलगडावं लागतं. पेपरमध्ये मॉडेल सान्त आहे की कसंही चालेल, हे एका वाक्यात लिहिलेलं असावं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं अशा लॉजिकमध्ये वेगळी येतात.

प्रोग्राम लिहिला असेल तर तपासणी दोन पातळ्यांवर. आधी बरोबरपणा: छोटे, यादृच्छिक टीबॉक्स तयार करायचे, दहा-पंधरा विधानांचे, आणि आपलं उत्तर हर्मिटसारख्या संपूर्ण आऊल २ हाताळणाऱ्या रीझनरशी पडताळायचं. फरक दिसला की एकेक विधान काढत जायचं. काढूनही फरक राहिला तर ते विधान गेलं, नाहीसा झाला तर परत ठेवायचं. शेवटी तीन-चार विधानं उरतात आणि चूक डोळ्यांसमोर येते. अ‍ॅक्सिअम पिनपॉइंटिंगची सगळ्यात साधी रीत हीच आहे. ईएलमध्ये असा एक लहानात लहान संच पॉलिनॉमियल वेळात मिळतो, पण असे सगळे संच हवे असतील तर त्यांची संख्याच घातांकी असू शकते.

नंतर वेग. इथे फसवे आकडे सहज मिळतात. ईएलके हा रीझनर स्नोमेडची वर्गवारी सेकंदांत करतो, पण त्याला न कळणारी विधानं तो इशारा देऊन सोडून देतो. लॉग न वाचता ते आकडे तक्त्यात टाकले तर आपण वेगळ्याच, छोट्या ऑन्टॉलॉजीची (टीबॉक्स आणि एबॉक्स मिळून झालेल्या ज्ञानसाठ्याची) तुलना करत असतो. फाइल वाचायचा वेळ आणि तर्काचा वेळ वेगळा द्यावा. जाव्हावर चालणाऱ्या रीझनरला पहिल्या फेरीत जास्त वेळ लागतो, म्हणून गरम झाल्यावरच्या फेऱ्या मोजाव्यात. मेमरीची मर्यादा, टाइमआउट आणि मशीनचा तपशील लिहावा, आणि टाइमआउट झालेल्यांना सरासरीत घुसडू नये. स्नोमेडची कोणत्या तारखेची आवृत्ती, तेही लिहावं. तिची मूळ फाइल आरएफ२ या स्नोमेडच्या स्वतःच्या स्वरूपात येते आणि आऊलमध्ये बदलून घ्यावी लागते. परीक्षकाकडे परवाना असेलच असं नाही, म्हणून सोबत जीन ऑन्टॉलॉजी किंवा २०१५ च्या ओआरई या रीझनरांच्या स्पर्धेचा खुला संग्रह वापरावा.

उदाहरणं प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी एडिटरमध्ये उघडून रीझनर चालवल्याशिवाय पेपरमध्ये घालू नयेत. डेटाबेसच्या सवयीने आलेले लोक डोमेन (रोल ज्याच्याकडून निघतो तो कोण असतो हे सांगणारं विधान) ही अट समजतात. 'शिकवणे' या रोलचं डोमेन शिक्षक ठेवलं आणि एबॉक्समध्ये एक विद्यार्थिनी कुणालातरी शिकवते असं लिहिलं, तर रीझनर चूक दाखवत नाही, तो तिला शिक्षक ठरवतो. शिक्षक आणि विद्यार्थी कधीच एक नसतात असंही सांगितलं असेल तरच विसंगती येते, आणि विसंगत ऑन्टॉलॉजीतून काहीही सिद्ध होतं. 'फक्त' चंही तसंच: 'फक्त भाज्याच असलेलं जेवण' या व्याख्येत ज्या ताटात काहीच नाही तेही बसतं. निदान एक भाजी आहे हे वेगळं सांगावं लागतं. माहिती नसणं म्हणजे खोटं नव्हे, हे या सगळ्या लॉजिकचं मूळ गृहीतक आहे. दोन नावं दोन वेगळ्या व्यक्तींचीच असतील असंही आऊल मानत नाही.

लेखनाचं फार सांगण्यासारखं नाही. पानांची मर्यादा त्या वर्षीच्या आवाहनात पाहावी. लांब सिद्धता परिशिष्टात जातात, पण परिशिष्ट वाचणं परीक्षकाच्या मर्जीवर असतं, म्हणून मुख्य कल्पना आणि तिसऱ्या भागातल्या मॉडेलची बांधणी मुख्य मजकुरातच हवी. सीईयूआरच्या साच्याला लिबर्टिनस फॉन्ट लागतात; टेक्स या टाइपसेटिंग प्रणालीची जुनी आवृत्ती असेल तर पानं भलतीच दिसतात आणि शेवटच्या रात्री कळतं. मुदत बहुतेक 'पृथ्वीवर कुठेही' या पद्धतीने दिलेली असते. म्हणजे त्या तारखेची रात्र ११:५९ ही आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५:२९ ला होते. सारांश नोंदवायची मुदत त्याआधी वेगळी असू शकते, ती चुकली तर पेपर भरताच येत नाही.

अभिप्राय आले की आधी सिद्धतेवरचे आक्षेप वाचावेत. 'हे लेमा (सिद्धतेतलं मधलं छोटं विधान) अमुक प्रसंगी लागू नाही' असं परीक्षकाने लिहिलं असेल तर तो प्रसंग कागदावर उभा करून पाहावा. निम्म्याहून जास्त वेळा प्रसंग खरा असतो आणि दुरुस्ती एका जादा अटीत होते. 'हे आधीच माहीत आहे' या आक्षेपाला उत्तर देताना मोडल लॉजिककडेही ('अपरिहार्य' आणि 'शक्य' यांचं लॉजिक) पाहावं. शिल्ड यांनी १९९१ मध्ये दाखवलं की एएलसी म्हणजे अनेक मोडॅलिटींचं के हे मोडल लॉजिकच वेगळ्या लिपीत, त्यामुळे बरेच निकाल तिकडे दुसऱ्या नावाने आधीच पडून असतात.

स्वीकारल्यावर सीईयूआरचा करारनामा भरायचा. दुसऱ्याची चित्रं वा मजकूर वापरला असेल तर एक फॉर्म, नसेल तर दुसरा. सही हाताने करून स्कॅन करावी. जनरेटिव्ह एआय वापरलं की नाही हे सांगणारा उताराही आता पेपरमध्ये लागतो. युरोपात वर्कशॉप असेल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. आमंत्रणपत्र आयोजकांकडून लगेच मागून घ्यावं, आणि प्रवासविमा निदान ३०,००० युरोचा हवा. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणं कठीण जातं, म्हणून निकाल लागला त्याच आठवड्यात हालचाल करावी.

भाषणाचा वेळ थोडा असतो. सगळे नियम पडद्यावर टाकण्याऐवजी एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवावं, आणि एखादा नियम काढला तर काय बिघडतं ते दाखवावं. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांनीच ही लॉजिक आणि हे रीझनर घडवलेले असतात, त्यामुळे प्रश्न थेट असतात: संख्येच्या अटींतले आकडे युनरीत (पाचसाठी पाच रेघा) धरले की बायनरीत? एसएचआयक्यूमध्ये दोन्हींना एक्स्पोनेन्शियल वेळच लागतो, हे टोबिस यांनी २००१ मध्ये दाखवलं, पण बायनरीसाठी सिद्धता वेगळी करावी लागते. उलटे रोल घातले तर तुमचा निकाल टिकतो का? सान्त मॉडेलसाठी काय होतं? यांची उत्तरं आधी शोधून ठेवावीत, आणि न सापडलेलं उत्तर तसं सांगावं. इथे 'हा प्रश्न उघडा आहे' म्हटलं की चहाच्या वेळेत कुणीतरी कागद घेऊन शेजारी बसतं. या वर्कशॉपमधली आम्हाला सगळ्यात प्रिय गोष्ट हीच आहे, आणि पुढच्या पेपरची पहिली ओळ पुष्कळदा त्या कागदावरच लिहिली जाते.

परतल्यावर संपूर्ण सिद्धतांसह मोठी आवृत्ती आर्काइव्ह (arXiv) या खुल्या पेपर-संग्रहावर टाकावी, आणि वर्कशॉपमध्ये सापडलेल्या दुरुस्त्या तिच्यात वेगळ्या नोंदवाव्यात. प्रोग्राम, चाचणीचे टीबॉक्स, रीझनरचे आवृत्तिक्रमांक आणि तक्ते बनवणारी स्क्रिप्ट एकाच जागी ठेवावी. परवान्यामुळे स्नोमेडची फाइल तिथे ठेवता येत नाही. त्याऐवजी आवृत्तीची तारीख आणि रूपांतराची नेमकी आज्ञा लिहावी, म्हणजे ज्याच्याकडे परवाना आहे त्याला तीच फाइल स्वतः तयार करता येते.